विद्यापीठाची वेस

नगर–मनमाड रस्त्याने राहुरीकडे निघालेल्या प्रवाशाला महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शेते बराच वेळ सोबत करतात. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश मिळून दहा जिल्ह्यांच्या शेतीची जबाबदारी आहे. त्याच्या प्रवेशयादीत दरवर्षी दोन प्रवाह एकत्र येतात. मोठा प्रवाह महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून येतो. दुसरा, त्या मानाने लहान, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या जागांवर अखिल भारतीय परीक्षेच्या वाटेने येतो. पदवीच्या शंभरांतील पंधरा जागा या दुसऱ्या वाटेसाठी असत. अलीकडे हे प्रमाण वीसपर्यंत वाढले आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ते त्याहूनही अधिक आहे. त्यामुळे राहात्याच्या मुलाशेजारची वसतिगृहातील खाट राजस्थानच्या किंवा केरळच्या मुलाला मिळू शकते. प्रवेशाच्या दिवसांत ज्याचे थोडक्या गुणांनी हुकते त्याच्या घरी मग एकच वाक्य ऐकू येते : आमच्या जागा बाहेरच्यांना कशासाठी?

हे वाक्य संकुचित म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सार्वजनिक विद्यापीठ आकाशातून पडत नाही. राहुरीच्या विद्यापीठासाठी आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या आणि त्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांचा नोकऱ्यांचा प्रश्न दशकानुदशके धुमसत राहिला. विद्यापीठाचा पगारखर्च राज्याच्या तिजोरीतून होतो आणि त्या तिजोरीत राहुरीच्या कांद्याच्या गाडीमागे धावणाऱ्या चालकाच्या डिझेलवरचा करही पडतो. शिवाय कृषी अभ्यासक्रमाच्या प्रवेशात सातबारा जोडणाऱ्या शेतकरी कुटुंबातील उमेदवाराला जादा गुण देण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळलेली आहे. ज्या मातीसाठी हे ज्ञान हवे त्या मातीतला माणूस आधी आत यावा, हा त्यामागील विचार चुकीचा म्हणता येत नाही.

कायद्यानेही तो चुकीचा मानलेला नाही. या विषयावरील पहिला मोठा खटला होळकरांच्या इंदुरात उभा राहिला. तेथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात १९५२ साली दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला. वर्षाच्या तेराशे रुपये शिक्षणशुल्काखेरीज, तू मध्य भारताचा रहिवासी नाहीस म्हणून, त्याच्याकडून पंधराशे रुपये कॅपिटेशन शुल्क मागण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ च्या निकालात बहुमताने असे ठरले की, राज्यघटना जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करते. निवासावरून केलेला भेद ही निराळी गोष्ट आहे. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत राज्याच्या रहिवाशाला सवलत देणे अवाजवी नाही. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र भिन्नमत नोंदविले.

त्यानंतर राज्यांनी हा धागा इतका ओढला की वस्त्रच आवळले गेले. कर्नाटकात वैद्यकीय शिक्षणाच्या शासकीय जागेचे वार्षिक शुल्क दोन हजार रुपये होते. खासगी महाविद्यालयातील उरलेल्या जागांसाठी तेच कर्नाटकाच्या रहिवाशाला पंचवीस हजार आणि बाहेरच्या भारतीयाला साठ हजारांपर्यंत झाले. मेरठच्या मोहिनी जैन यांच्या खटल्यात १९९२ साली हे आकडे न्यायालयापुढे आले, तेव्हा एका देशातले तीन भाव लोकांना दिसले. अमेरिकेत राज्य विद्यापीठे बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याकडून दुप्पट-तिप्पट शुल्क घेतात आणि त्याबद्दल तेथे फारशी खंत बाळगली जात नाही. तरी तेथेही कनेक्टिकट राज्याने ‘एकदा बाहेरचा तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच’ असा नियम केला, तो १९७३ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. राहायला आलेल्या माणसाला आपण येथलेच झालो हे सिद्ध करण्याची संधी तरी मिळाली पाहिजे, एवढेच त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

आपल्याकडे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी याहून मूलगामी गोष्ट सांगितली. भारतीय माणसाचा अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा निराळा अधिवास अशी वस्तू कायद्यात नाही. वैद्यकीय पदवीच्या सर्व जागा राज्याच्या रहिवाशांना राखून ठेवता येणार नाहीत, काही भाग देशाला खुला हवा, असे त्या निकालाने ठरविले आणि त्यातूनच पुढे पंधरा टक्के अखिल भारतीय जागांची व्यवस्था आली. २९ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशात निवासाच्या आधारावर आरक्षण ठेवताच येणार नाही, असे त्याने ठरविले. इतके होऊनही तहसील कचेरीतून आणि सेतू केंद्रातून मिळणाऱ्या कागदाचे नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असेच आहे आणि त्यासाठी राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जी वस्तू कायद्यात नाही तिच्या प्रमाणपत्रासाठी रांगा मात्र दर जूनमध्ये लागतात. शासनाच्या भाषेला न्यायालयाची भाषा समजायला चाळीस वर्षे पुरत नाहीत, असे दिसते.

तेव्हा जागांचा बहुसंख्य भाग घरच्यांना आणि काही भाग बाहेरच्यांना, ही वाटणी न्याय्य म्हणून टिकली आहे. ती घरच्या विद्यापीठाच्या गरजेचीही आहे, हे मात्र क्वचितच बोलले जाते. शेती विद्यापीठात तरी ते समजावून सांगण्याची वेळ यायला नको. पिढ्यान् पिढ्या एकाच वाणाचे आपसात परागीकरण होत राहिले तर मक्याचे कणीस कसे खुरटते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. ज्या विद्यापीठात विद्यार्थी तेथलाच, पुढे संशोधक तेथलाच आणि त्याला शिकविणारा प्राध्यापकही तेथेच शिकलेला, त्या विद्यापीठातील विचारांचे याहून निराळे काय होणार? कृषी अनुसंधान परिषदेने आपल्या जागांचे एक कारण उघडपणे हेच दिले आहे. म्हणूनच तिच्या परीक्षेतून गृहराज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती राष्ट्रीय प्रज्ञा शिष्यवृत्ती देते. घर सोडून दूर जाण्याबद्दल सरकारने दरमहा पैसे द्यावेत, ही आपल्या देशातील दुर्मीळ गोष्ट आहे.

नगर जिल्ह्याला तर याचा पुरावा शिवारातच पाहता येईल. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या या जिल्ह्याचे अर्थकारण उसावर उभे राहिले. त्या उसाचा अलीकडचा सर्वांत विश्वासू वाण म्हणजे को ८६०३२. उसाला तुरा येऊन सकस बी धरण्यास अनुकूल असे हवामान तामिळनाडूतील कोइमतूरला मिळते. म्हणून संकर तेथील ऊस पैदास संस्थेत होतो. त्यातून निघालेल्या रोपांची पारख आपल्या मातीत करण्याचे काम राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव येथील केंद्राने केले आणि १९९६ साली ‘नीरा’ या नावाने हा वाण महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांच्या हाती दिला. संकर परराज्यातला, निवड घरची. कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत बेणे घेताना कोणा शेतकऱ्याने त्याचे अधिवास प्रमाणपत्र मागितल्याचे ऐकिवात नाही.

माणसांच्या बाबतीतही महाराष्ट्राच्या गाठीशी एक चांगली आठवण आहे. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या हैदराबाद संस्थानात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला. उस्मानिया विद्यापीठ आणि औरंगाबादचे महाविद्यालय येथून मोठ्या संख्येने विद्यार्थी काढून टाकण्यात आले. औरंगाबाद म्हणजे नगरकरांना परके गाव नव्हे. प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडली की पलीकडे संस्थानची हद्द सुरू होई. या मुलांचे वर्षच काय, पुढील आयुष्यही वाया जाण्याची वेळ आली होती. ब्रिटिश अमलाखालील नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. हे विद्यार्थी दुसऱ्या प्रांताचे होते, इतकेच नव्हे, तर दुसऱ्या राजाची प्रजा होते. संस्थान सोडून शिकायला बाहेर पडावे लागलेल्या त्या पिढीत वारंगळकडचा एक तेलुगू मुलगाही होता. नागपूर आणि पुणे येथे त्याचे शिक्षण झाले. येथे असताना तो मराठी अशी शिकला की पुढे त्याने हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. पी. व्ही. नरसिंह राव नंतर देशाचे पंतप्रधान झाले, म्हणून ही गोष्ट सांगायची असे नाही. ते वकील होऊन वारंगळलाच राहिले असते तरी आपट्यांच्या यमूला तेलुगू घरांत नेणारा माणूस मराठीला मिळाला, तो परप्रांतीय विद्यार्थ्याला दार उघडल्यामुळेच.

दार उघडणे आणि आत घेणे यांत मात्र अंतर आहे, आणि आजच्या व्यवस्थेचे खरे दुखणे तेथे आहे. जागेच्या टक्केवारीवर न्यायालये सत्तर वर्षे बोलत आली. त्या जागेवर येणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर त्याचे काय काय येते आणि काय सीमेवर गळून पडते, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. गुण सीमा ओलांडतात. पैसाही ओलांडतो. गळून पडते ते दुर्बळाचे संरक्षण.

मुंबईतील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशावरून गाजलेला मर्री चंद्रशेखर राव खटला या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. विद्यार्थी आंध्रातील तेनालीचा. त्याचा समाज तेथे अनुसूचित जमातीत मोडणारा. वडील केंद्र सरकारच्या खत कारखान्यात त्याच आरक्षणातून नोकरीला लागले आणि मुंबईत आले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. तो शिकला मुंबईत, बारावी झाला महाराष्ट्र मंडळाची. वैद्यकीय प्रवेशासाठी जमातीची जागा मागितली तेव्हा त्याला सांगण्यात आले की, तुझी जमात आंध्रात जमात आहे, येथे नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम केले. घटनेच्या कलम ३४१ आणि ३४२ नुसार अनुसूची प्रत्येक राज्यापुरती असते. एका राज्यातले मागासलेपण दुसऱ्या राज्यात तसेच असेल असे धरता येत नाही. आणि येथल्या आदिवासींच्या वाट्यात बाहेरच्यांनी शिरावे हेही उचित नाही. या युक्तिवादात बळ आहे, हे मान्य केले पाहिजे. अकोल्याच्या पश्चिमेकडील डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी वा ठाकर मुलाची जागा मुंबईत स्थिरावलेल्या नोकरदाराच्या मुलाने घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण वडिलांना सरकारने त्याच ओळखीवर नोकरी द्यावी, सरकारच्या कारखान्यात त्यांनी राज्य बदलावे आणि मुलाने मात्र त्या बदलाची किंमत मोजावी, यातला विपर्यास खुद्द न्यायालयालाही जाणवला होता. त्यावर उपाय काढणे हे विधिमंडळांचे काम होते. ते आजवर झालेले नाही.

हा प्रश्न मुंबईचा किंवा आंध्राचा आहे असे नगरच्या वाचकाला वाटण्याचे कारण नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींत गणला जातो. पाथर्डीच्या तांड्यावरची मुलगी आणि तेलंगणातील तांड्यावरची मुलगी यांची बोली एक, लग्नगाणी एक, कदाचित आडनावही राठोड हेच. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात दोघी एका बाकावर बसतील तेव्हा एकीचा प्रवेश अनुसूचित जमातीतून झालेला असेल आणि दुसरीचा इतर मागासवर्गातून. कैकाडी समाजासाठी तर राज्य ओलांडण्याचीही गरज नाही. विदर्भात तो अनुसूचित जातीत आहे. नगर जिल्ह्यात नाही. एकाच राज्याच्या पोटात परराज्य कसे असते, ते या समाजाला विचारावे.

आणखी एक पोटातली सीमा अशीच होती. आष्टी तालुका बीड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. पण आष्टीच्या माणसाचा बाजार नगरचा, दवाखाना नगरचा. २०२२ साली नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली तीही याच दिशेने. तरीही वैद्यकीय प्रवेशात सत्तर टक्के जागा विभागातल्यांना आणि तीस टक्के राज्यातल्या सर्वांना, या सूत्रामुळे आष्टीचा विद्यार्थी आणि शेजारच्या जामखेडचा विद्यार्थी निरनिराळ्या प्रदेशांचे ठरत. दुष्काळ मात्र दोन्हीकडे एकाच वर्षी पडे. २०२० च्या सप्टेंबरात हे सूत्र रद्द झाले. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी त्यासाठी आवाज उठविला होता आणि तो रास्त होता. आपल्याच राज्यात ‘बाहेरचे’ ठरविले जाण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला आहे, ही गोष्ट परप्रांतीय विद्यार्थ्याविषयी मत बनविताना उपयोगी पडावी.

सीमाभागाच्या बाबतीत तर महाराष्ट्र शासनाने स्वतःच निवासाच्या पलीकडे पाहिले आहे. वादग्रस्त सीमाभागात दहावी-बारावी झालेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार मानले जाते. बेळगाव-निपाणीच्या त्या मुलाकडे महाराष्ट्राचा पंधरा वर्षांचा रहिवास नसतो; त्याच्याकडे भाषा असते आणि आम्ही ती पुरेशी मानतो. हे योग्यच आहे. मग आपला विद्यार्थी बेळगावचा असताना जो उदार विचार सुचतो, तो राहुरीत आलेल्या परक्या मुलाविषयीही थोडा सुचायला काय हरकत आहे? त्याच्याकडे मराठी नाही, एवढाच फरक. ती देता येते.

राहुरीपुरते बोलायचे तर प्रश्न इतका साधा होऊन हाती येतो. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षात विद्यार्थ्याला ग्रामीण कार्यानुभवासाठी एखाद्या गावात जाऊन राहावे लागते. वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर ‘कृषिदूतांनी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखविले’, ‘कृषिकन्यांचे गावात स्वागत’ अशा बातम्या येतात त्या याच काळातल्या. नेवाशाच्या किंवा पारनेरच्या गावात, पारावर बसलेल्या शेतकऱ्याला माती परीक्षणाचा कागद समजावून सांगणे म्हणजे परीक्षेतील उत्तर लिहिणे नव्हे. हुमणी, तांबेरा, वाफसा, घात हे शब्द ज्याला येत नाहीत तो शेतकऱ्यापुढे मुका असतो. तीन वर्षे वर्गातील इंग्रजीवर आणि वसतिगृहातील हिंदीवर निभावून नेलेला विद्यार्थी या टप्प्यावर अडखळतो. गटातील मराठी मुले बोलतात, तो छायाचित्रात मागे उभा राहतो. त्याचा अनुभव वाया जातो आणि गावाचाही तोटा होतो. कारण भाताच्या, नारळाच्या किंवा बाजरीच्या मुलखातला हा मुलगा आपल्या घरच्या शेतीतले काही सांगू शकला असता. त्याला कोणी विचारलेले नसते, आणि विचारले तरी त्याच्यापाशी शब्द नसतात.

अशा विद्यार्थ्याचे काही आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी सणाला घरी जाणे परवडत नाही, आजारपणात कोणाला सांगावे कळत नाही, खाणावळीतील भाकरी-पिठले जिभेला लागायला वेळ लागतो. याबद्दल तक्रार करू नये. दूर शिकायला जाणाऱ्याने हे सोसायचेच असते, आणि पुण्याला वा दिल्लीला गेलेली नगरची मुलेही ते सोसतात. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा २०२२ पासून सुरू झाली आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळू लागली. संगमनेरच्या मुलाला बनारस वा दिल्लीची वाट त्यामुळे जवळ झाली. प्रश्नपत्रिका मराठीत सोडविलेल्या त्या मुलाला तेथे वर्गात कोणती भाषा भेटते आणि आरंभी त्याला कोण हात देते, याची चौकशी येथील पालक जरूर करतात. तीच चौकशी करणारे पालक केरळातही असतात. राज्याच्या काही शुल्कसवलती राज्यातील संस्थांपुरत्याच राहतात, ही नगरच्या पालकाची तक्रार जशी खरी आहे, तशीच येथे आलेल्या मुलाच्या पालकाचीही असू शकते.

ज्या चौंडीच्या कन्येचे नाव २०२४ साली या जिल्ह्याला देण्यात आले, तिने माळव्यात जाऊन राज्य केले. नगरच्या बाहेर तिला कोणी परकी मानले नाही, आणि तिनेही काशीपासून सोमनाथापर्यंत घाट व देवळे बांधताना मुलूख कोणाचा हे पाहिले नाही. जिल्ह्याचे नाव बदलून झाले, फलक बदलून झाले. राहुरीच्या वेळापत्रकात, बाहेरून आलेल्यांसाठी, पहिल्या सत्रापासून आठवड्याला दोन तास बोलभाषेतील मराठीचे ठेवण्याचे काम राहिले आहे. शिकवायला जवळच्या माध्यमिक शाळांतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक मिळतील, आणि सरावाला आठवडे बाजार आहेच. चौथ्या वर्षी कृषिदूत म्हणून जाणाऱ्या त्या विद्यार्थ्याला वाफसा म्हणजे काय हे तोपर्यंत कळलेले असेल.